नऊ नंबरची पट्टी

१

मुलगी मागच्या जिन्यात सापडली तेव्हा तिच्या एका पायात सँडल होती, दुसरी चार पायऱ्या वरच राहिली होती आणि डाव्या मनगटावर निळी कागदी पट्टी होती. बाकी सगळ्यांनी आधी रक्त पाहिलं. मॅनेजरने आधी पट्टी पाहिली.

"नऊ," तो पुटपुटला. मग अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडला, "नऊ नंबर कुठाय?"

नऊ नंबर तेव्हा वरच्या हॉलमध्ये रिकामे ग्लास गोळा करत होती. रविवारची दुपार, साडेतीन वाजत आलेले. लांब टेबलावर चौदा माणसांची एकच पार्टी होती. त्यांच्यातल्या एका मुलीला पहिली नोकरी लागली होती, त्याचा आनंद. आरडाओरडा ऐकून नऊ नंबर खाली धावली, पण तोवर स्ट्रेचर दारातून बाहेर चाललं होतं. तिला दिसली ती फक्त गळ्यापर्यंत ओढलेली चादर आणि मागे धावणारी एक बाई. मुलीची आई असावी.

निळी पट्टी म्हणजे काय, हे त्या रेस्टॉरंटात भांडी घासणाऱ्यालाही ठाऊक होतं. गिऱ्हाईक बसलं की वेटरने त्याचं ओळखपत्र मागायचं, जन्मसाल रजिस्टरात लिहायचं आणि वय कायद्यात बसत असेल तर मनगटाला पट्टी चिकटवायची. पट्टी नाही, तर दारू नाही. प्रत्येक वेटरचा रोल वेगळा, त्यावर त्याचा नंबर छापलेला. एकदा चिकटवली की पट्टी फाडूनच काढायची. फाटली की बाद.

मुलीच्या पिशवीत शाळेचं ओळखपत्र निघालं. सतरावं अजून पुरं व्हायचं होतं.

"मी नाही बांधली," नऊ नंबर म्हणाली. "शपथेवर सांगते साहेब, तिला मी पट्टी बांधलीच नाही."

तिला सगळे बारकी म्हणत, कारण ती होतीच तेवढीशी. घरी सासूपाशी पाच महिन्यांचं बाळ, आणि कामावर परत येऊन झाले होते जेमतेम तीन आठवडे. गिऱ्हाइकांना ती आवडायची. हातांवरून ती माणसं लक्षात ठेवायची आणि कुणाचा ग्लास कधी चुकवायची नाही. "तुमची पट्टी टोचत नाही हो," असंही कुणीकुणी म्हणून जायचं.

 मॅनेजरने वरच्या हॉलला कुलूप घातलं आणि दारावर स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद चिकटवला, 'आत जाऊ नये'. प्रत्येक गोष्टीवर कागद चिकटवण्याच्या या हौसेपायी त्याला पाठीमागे सूचनासम्राट म्हणत. त्या दिवशी मात्र कुणाला हसू आलं नाही.

पाच वाजता हॉस्पिटलमधून फोन आला. पोटात दारू आहे, डोक्याला मार आहे, शुद्ध नाही.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी परवाना खात्याच्या निरीक्षक बाई आल्या. निवृत्तीला आलेल्या, गुडघ्याने त्रासलेल्या, चष्मा डोक्यावर चढवून पर्समध्ये चष्मा शोधणाऱ्या. सूचनासम्राटाला हायसं वाटलं. अशा बाईला दुपारपर्यंत वाटेला लावू, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलंच होतं.

"नाव तयार आहे बाई," तो म्हणाला. "पट्टी नऊ नंबरची. नऊ नंबरचं कार्ड रद्द करा, केस तिच्यावर घाला. हॉटेलच्या परवान्याला धक्का नको. चाळीस माणसांची पोटं आहेत यावर."

"एकेचाळीस," निरीक्षक बाई म्हणाल्या. "तिला धरून. गरम पाणी मिळेल का? आणि एकेकाला पाठवा."

कार्ड म्हणजे दारू वाढण्याचा परवाना. खिशाला लावायचं छोटंसं कार्ड, पण ते एकदा रद्द झालं की कुठल्याच हॉटेलात उभं करत नाहीत. बारकी भिंतीला टेकून उभी होती आणि नकळत तिचा हात पुन्हा पुन्हा त्या कार्डावर जात होता.

काउंटरवरचे काका आधी बसले. सत्तावीस वर्षं ग्लास भरण्यात गेलेली. "मी भरतो, नेत नाही," ते म्हणाले. "गर्दीत कोण कुठला ट्रे उचलतो, ते मला विचारू नका. दोघं होती वर, ही आणि तो शिट्ट्या. स्क्रीनवरही कोण कुणाच्या नंबरने ऑर्डर दाबेल त्याचा नेम नाही."

"तीन वाजता ही कुठे होती?"

काका घुटमळले. "स्टोअरमध्ये गेली होती. सामान आणते म्हणाली. आली तेव्हा हात रिकामे होते."

मग शिट्ट्या. सारखा शीळ घालत फिरणारा, सडपातळ, चाळिशीचा वेटर. आज त्याची शीळ बंद होती.

"पट्टी तुम्ही बांधली?"

"नाही."

"दारू तुम्ही दिली?"

"नाही."

"मग कुणी दिली, माहितीय?"

शिट्ट्याने बुटाकडे पाहिलं. "माहीत असून काय उपयोग बाई? त्या पोरीला बरं वाटू दे, एवढंच म्हणणं आहे माझं."

मग बारकीची पाळी आली.

"तीन वाजता कुठे होतात?"

"सामान आणायला."

"कसलं?"

 निरीक्षक बाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि आवाज एकदम खाली आणला. "बाळ केवढं आहे?"

बारकीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. स्टोअरमध्ये तांदळाच्या पोत्यांमागे दहा मिनिटं उभं राहून ती दूध काढत होती. अंगावरचा शर्ट ओला होऊ नये म्हणून. हे मॅनेजरला सांगायचं कोणत्या तोंडाने? "पाच महिन्यांचं," ती कशीबशी म्हणाली. "पोत्यांमागे दहा मिनिटं दूध काढत होते."

"यात लाजण्यासारखं काही नाही. लाजायचं कुणी तर तुम्हाला पोत्यांमागे उभं करणाऱ्यांनी. बरं, त्या दहा मिनिटांत तुमचा पट्ट्यांचा रोल कुठे होता?"

इथे बारकी सावरून बसली. सारी रात्र कूस बदलत तिने हाच विचार केला होता. "वरच्या हॉलमधल्या खुंटीवर. सगळ्यांचे तिथेच असतात. आणि वर तेव्हा फक्त..." ती थांबली. तिला थांबायचं होतं, खरंच. पण डोळ्यांपुढे कार्ड आलं, बाळ आलं, आणि तोंडातून निघून गेलं, "वर तेव्हा फक्त शिट्ट्या होता."

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर शिट्ट्या उभा होता आणि त्याने ऐकलं होतं.

३

गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी चढत निरीक्षक बाई वरच्या हॉलमध्ये गेल्या. मागोमाग सगळी वरात. दाराशीच एक टोपली होती आणि तिच्यावर सम्राटांचा कागद, 'वापरलेल्या पट्ट्या येथेच टाकाव्यात'.

"तुमच्या सूचनांचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग होतोय," त्या म्हणाल्या आणि टोपली टेबलावर पालथी केली.

फाटक्या निळ्या पट्ट्या. माणसं घाबरून पळताना सुद्धा हातातलं असलं काही फेडून टाकतात. काल वरच्या हॉलमध्ये दुसरी पार्टी नव्हती, त्यामुळे सगळ्या नऊ नंबरच्याच. बाईंनी त्या एकेक करून ओळीने मांडल्या. दहा.

"रोल?"

बारकीने रोल दिला. पन्नास पट्ट्यांचा, कालच दुपारी नवा फोडलेला. उरलेल्या एकोणचाळीस.

"रजिस्टर?"

रजिस्टरात अकरा जन्मसालं, बारकीच्या नेटक्या अक्षरात. चौदातली तीन मुलं लहान, त्यांच्यासमोर 'रस' असं लिहिलेलं.

"अकरा माणसं, अकरा पट्ट्या वापरल्या. दहा इथे फाटलेल्या. अकरावी ही." बाईंनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली. हॉस्पिटलने कापून दिलेली पट्टी. कात्रीचा सरळ काप सोडला तर जोड अगदी जसाच्या तसा. "म्हणजे रोलमधून जास्तीची पट्टी कुणीच काढली नाही. खुंटीवरून चोरी झालेली नाही."

शिट्ट्याने श्वास सोडला. बारकीला त्याच्याकडे बघवेना. आपण एका माणसावर बोट दाखवलं, आणि ते कालच्या दुपारीच खोटं ठरलेलं होतं.

"बघा!" मॅनेजर टाळी वाजवायचाच बाकी राहिला. "चोरी नाही, म्हणजे हिनेच बांधली. एका मोठ्याला बांधायची राहिली आणि त्या पोरीला बांधली. पट्टी न फाडता निघत नाही, कंपनीने लिहून दिलंय. दुसरी वाटच नाही!"

सगळ्यांच्या नजरा बारकीवर खिळल्या.  हिशेब बरोबर होता. मग ती काय झोपेत होती? रात्री तीनदा उठून बाळाला पाजते, दिवसा डोळे उघडे ठेवून पेंगते, तसं काही झालं असेल का?

निरीक्षक बाईंनी डावा हात पुढे केला. "मला बांधा."

"काय?"

"पट्टी. रोजच्यासारखी."

४

बारकीने पट्टी काढली, बाईंच्या मनगटाभोवती फिरवली, आपली दोन बोटं आत सरकवली, वर चिकटवलं, मग बोटं काढून घेतली. सवयीने.

"बोटं कशाला घातलीत?"

"जागा राहावी म्हणून." सांगताना तिला नवल वाटलं, कारण हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "बाळ झालं तेव्हा दवाखान्यात त्याच्या पायाला नावाची पट्टी बांधली होती. इतकी घट्ट की लाल वळ उठला. दोन दिवस नुसती रडत होते मी. तेव्हापासून मला... कुणालाच घट्ट बांधवत नाही."

बाईंनी अंगठा तळहातात दुमडला, बोटं एकत्र केली आणि पट्टी हातावरून अशी उतरली जशी सैल बांगडी उतरते. अखंड. जोडाला धक्काही नाही.



"शिट्ट्याराव, आता तुम्ही बांधा." त्याने बांधली. बाईंनी ओढली, पिळली, शेवटी ती फाटली. काकांनी बांधली, तीही फाटली. "कंपनी खोटं बोललेली नाही. पट्टी निघत नाही, ती घट्ट बांधली तर. या बाईंची पट्टी मात्र एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाऊ शकते. तशी ती गेली. कुणाच्या हातातून, ते सांगायला मी एकीला बोलावलंय."

जिन्यावर पावलं वाजली. नोकरी लागलेली मुलगी आत आली. डोळे सुजलेले, केस काल विंचरले होते तेवढेच.

"माझी मामेबहीण आहे ती," कुणी विचारायच्या आतच तिने सांगून टाकलं. "सारखी म्हणत होती, ताई, एकदाच, मला पण तुझ्या पार्टीत मोठ्यांच्या रांगेत बसू दे. हाताशी चाळा करताना पट्टी निघाली. मी गंमत म्हणून तिच्या हातात घातली. मला वाटलं एक घोट घेईल, तोंड वाकडं करेल, आम्ही हसू. मग मी फोटो काढायला गेले. तिने किती घेतली, मला खरंच नाही माहीत हो." ती खुर्चीत बसली नाही, कोसळली. "मामी माझ्याशी बोलत नाहीये."

"लहान मुलाच्या हाती दारू लागेल अशी सोय करणं हाही गुन्हा आहे," निरीक्षक बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. "तुमचा जबाब वेगळा होईल."

 म्हणजे बारकीने बांधली नव्हती. खोटं बोलली नव्हती. कार्ड वाचलं!

"आता एकच प्रश्न उरला," बाई म्हणाल्या. "खरं तर कायद्याला पहिल्यापासून तेवढाच प्रश्न होता. पट्टी कुणी बांधली, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. कायदा पट्टी ओळखत नाही. ग्लास ज्याने समोर ठेवला, तो माणूस ओळखतो. ग्लास कुणी ठेवला?"

५

"मी नाही," बारकी लगेच म्हणाली.

बाईंनी मोबाइलवर मुलीचा फोटो दाखवला. गोल चेहरा, गालावर पुटकुळ्या. "ओळखता?"

"हो. रसवाल्या तिघांतली. सुरुवातीला पाहिली होती. नंतर तिला काही दिलेलं नाही मी. एक थेंबही नाही."

शिट्ट्या खिडकीबाहेर बघत होता.

"तुमची आठवण चांगली आहे, असं काका सांगत होते. मग दुसऱ्या खेपेला तुमच्या ट्रेवर काय होतं, कुणाला काय दिलंत, सांगा बरं. सगळं."

हे बारकीच्या हातचं होतं. तिला अभिमान होता या गोष्टीचा. तिने डोळे मिटले आणि टेबलाच्या टोकापासून सुरुवात केली. "जाड घड्याळ, बिअर. करंगळीला अंगठी, वाईन. नखं खाल्लेली आहेत ते गृहस्थ, त्यांना सोडा घालून व्हिस्की. त्यांच्या शेजारी लांब नखं, गुलाबी, वाईन. मग मासा, तिला ते केशरी, गोड, उंच ग्लासातलं. मग भाजल्याचा डाग..."

"मासा?"

"हातावर मासा होता. निळ्या पेनाने काढलेला, पट्टीच्या वर. छान काढला होता, खवल्यांसकट. मी मनात म्हटलंसुद्धा, किती..."

तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

हातावर पेनाने मासा कोण काढतं? नोकरी करणारी बाई काढते? तासाला कंटाळलेलं, मागच्या बाकावरचं शाळकरी पोर काढतं. ती मनात म्हणाली होती, 'किती गोड'. आणि मग त्या हातापुढे ग्लास ठेवून पुढे गेली होती.

बाईंनी दुसरा फोटो पुढे सरकवला. हॉस्पिटलच्या चादरीवर पडलेला डावा हात, पट्टी कापण्याआधीचा. निळी पट्टी, आणि तिच्या वर खवल्यांसकट मासा.

"दुसऱ्यांदाही दिला," बारकी म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "तिने ग्लास वर केला आणि मी आणून दिला. दोनदा. मी पट्टी बघितली. दोन्ही वेळा पट्टीच बघितली. मान वर केलीच नाही."

"मला माहीत होतं," शिट्ट्या खिडकीकडेच बघत बोलला. "पहिला ग्लास तू ठेवलास तेव्हा मी शेजारच्या खुर्चीपाशी होतो. मला वाटलं, ही पोरगी लहान दिसतेय. मग पट्टी दिसली. म्हटलं, बारकीने ओळखपत्र बघितलंच असेल, आपण कशाला नाक खुपसा. तेव्हा तुझ्याइतकाच मीही आहे यात."

"मग सकाळी बोलला का नाहीस?"

"घरी बाळ आहे ना तुझं." तो वळला. चेहऱ्यावर ना राग ना माया, नुसता थकवा. "तू मात्र पटकन बोललीस हं बारके."

 'माफ कर' हे शब्द तिच्या ओठांशी आले आणि इतके तोकडे वाटले की तिने ते गिळले. मग वाटलं, गिळणं हा तर आणखी भित्रेपणा. "चुकलं माझं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तुझं नाव मी जीव वाचवायला घेतलं. मला काही दिसलं नव्हतं. लिहून देते तसं."

मॅनेजर घसा खाकरून पुढे आला. "चला, म्हणजे शेवटी नऊ नंबरच. मी म्हणतच होतो."

"तुमचं नाव माझ्या अहवालात दुसऱ्या पानावर आहे," निरीक्षक बाई म्हणाल्या. "पट्टी असली की पुन्हा विचारू नका, गिऱ्हाईक दुखावतं, असा एक कागद स्टाफरूममध्ये तुमच्याच अक्षरात चिकटवलाय. सकाळीच वाचला मी. शंका आली तर वेटरने दहा वेळा विचारावं, असं कायदा सांगतो. शंका येण्याची सोयच तुम्ही काढून घेतलीत. हॉटेलच्या परवान्याचं बघू आपण, सावकाश."



बारकीने जबाब लिहिला. सोप्या शब्दांत, खाडाखोड न करता. ग्लास मी ठेवला. दोनदा. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. शेवटी सही केली, खिशाचं कार्ड काढलं आणि कागदावर ठेवलं.

"मी अजून मागितलं नाही," बाई म्हणाल्या. "निकाल लागेपर्यंत ते तुमच्याकडे ठेवता येतं. पट्टी तुम्ही चांगल्या मनाने सैल बांधलीत, तेही मी लिहीन. कोर्ट ऐकून घेईल."

"ठेवून काय करू?" बारकीने विचारलं. हे रुसून नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं.

६

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, खोलीच्या दाराशी ती पोहोचली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मुलगी सकाळी शुद्धीवर आली होती, आता झोपली होती. डोक्याला जाड बँडेज. उशाशी तिची आई, कालच्याच कपड्यांत.

"कोण आपण?"

सगळ्या वाटेने बारकीने वाक्यं जुळवली होती. मी रेस्टॉरंटमधून आलेय. मी चौकशी करायला आलेय. आता त्यातलं एकही उपयोगी नव्हतं.

"तिला दारू मी दिली," ती म्हणाली.

आई उठली. क्षणभर वाटलं, ही आता हात उगारणार, आणि बारकी हललीसुद्धा नाही. पण आई तिच्यापासून दोन पावलांवर थांबली. तिच्या शर्टाकडे, छातीवर पसरत चाललेल्या दोन ओल्या डागांकडे बघत राहिली. बाळाच्या दुधाची वेळ केव्हाच टळून गेली होती. बारकीने घाईघाईने हाताची घडी घातली. एवढी शरम तिला जबाब लिहिताना वाटली नव्हती.

"लहान आहे?" आईने विचारलं.

"पाच महिने."

"मग तुम्हाला कळायला हवं होतं."

"हो."

"मला नका सांगू काही. मी ऐकणार नाही. मला जमणार नाही." आई परत खुर्चीत बसली, पाठ फिरवून. मग म्हणाली, "ती सकाळपासून म्हणतेय, माझीच चूक, मीच मागितलं. रडतेय नुसती. तिला सांगा काय ते. उठली की."

"थांबते मी."

दुसरी खुर्ची नव्हती. बारकी भिंतीशी उभी राहिली. खिशात मोबाइल थरथरला, सासूचा असणार, बाळ रडत असणार. तिने डोळे मिटून तो थरथरू दिला. मग घरी निरोप लिहिला, 'वाटीचमच्याने द्या आज, मला उशीर आहे', आणि मोबाइल बंद केला.

तीनच्या सुमाराला मुलीने डोळे उघडले. आधी आईकडे पाहिलं, मग भिंतीशी उभ्या असलेल्या अनोळखी बाईकडे. घाबरली. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

बारकी पलंगापाशी गेली आणि वाकली.

"बाळा," ती म्हणाली, "तुझी चूक नाही. तू मागितलंस, पण नाही म्हणायचं काम माझं होतं."